पोकेमॉनची लढत आणि नियमांचे राज्य

गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या मुलांचा एक नियम बहुतेक सर्व गावांत आढळतो. चेंडू कुंपणावरून थेट शेजाऱ्याच्या परसात गेला, तर फलंदाज बाद! हा नियम क्रिकेटच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. मोठ्या मैदानावर अशा फटक्याला सहा धावा मिळतात. परंतु शेजाऱ्याची कौले, हरवणारे चेंडू आणि अपुरी जागा यांचा विचार करून मुलांनीच तो केलेला असतो, आणि तो मोडणाऱ्यास मुलेच खेळाबाहेर बसवतात. खेळ ज्यांचा, त्यांनीच नियम करावे आणि त्यांनीच ते पाळावे, या साध्या वृत्तीतून केवढी मोठी व्यवस्था उभी राहू शकते, हे या लेखात आम्हांस पाहावयाचे आहे. उदाहरण मात्र आम्ही तुमच्या ओळखीचेच निवडले आहे. ते म्हणजे पोकेमॉन या व्हिडिओ गेमच्या, सामान्य खेळाडूंनी आपण होऊन भरवलेल्या ऑनलाइन स्पर्धा.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. ‘पोकेमॉन’ हे ‘पॉकेट मॉन्स्टर्स’ या शब्दांचे जपानी धाटणीचे लघुरूप होय. खिशात मावणारे अद्भुत प्राणी, असा त्याचा अर्थ. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये, निन्टेन्डो कंपनीच्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी, या खेळाच्या ‘लाल’ आणि ‘हिरवी’ अशा दोन आवृत्त्या निघाल्या. सातोशी ताजिरी हे त्याचे मूळ कल्पक. लहानपणी त्यांना कीटक जमवण्याचा नाद होता आणि त्या नादातूनच प्राणी गोळा करण्याच्या या खेळाची कल्पना त्यांना सुचली. पहिल्या खेळात १५१ प्राणी होते. आज त्यांची संख्या एक हजाराच्या वर गेली आहे. दोन यंत्रे एका तारेने जोडून दोन मित्रांनी आपले प्राणी अदलून बदलून घ्यावे किंवा त्यांची लढत लावावी, अशी सोय त्या पहिल्या खेळातच होती. दूरचित्रवाणीवरील मालिकेमुळे अनेकांना केवळ पिकाचूचे पिवळे रूप ठाऊक असते. परंतु स्पर्धेत रूपाला किंमत नसते, विचाराला असते.

लढतीची रीत अशी. प्रत्येक खेळाडू सहा प्राण्यांचा संघ बांधतो. प्रत्येक प्राण्याला केवळ चार डावपेच देता येतात. त्यांस आपण अस्त्रे म्हणू. प्राणी आणि अस्त्रे यांचे अग्नी, जल, वनस्पती, विद्युत, भूमी असे एकूण १८ प्रकार आहेत. पाणी आगीवर भारी, आग वनस्पतीवर भारी आणि वनस्पती पाण्यावर भारी. अनुकूल अस्त्राचा घाव दुप्पट बसतो, प्रतिकूल अस्त्राचा निम्मा बसतो, आणि काही अस्त्रे काही प्राण्यांवर मुळीच चालत नाहीत. उदाहरणार्थ, विजेचे अस्त्र भूमी प्रकारच्या प्राण्याला स्पर्शही करीत नाही. एखादा प्राणी दोन प्रकारांचा असेल, तर गुणाकार करावा लागतो. ग्याराडोस हा प्राणी जल आणि वायू अशा दोन्ही प्रकारांचा आहे. वीज या दोहोंवर भारी, म्हणून त्याच्यावर विजेचा घाव दोन गुणिले दोन, म्हणजे चौपट बसतो. हल्ल्याचे १८ प्रकार आणि बचावाचे १८ प्रकार मिळून ३२४ घरांचा एक तक्ता तयार होतो. चांगल्या खेळाडूला तो पाढ्यांसारखा मुखोद्गत असतो.

येथवर हा केवळ पाठांतराचा खेळ वाटेल. परंतु बुद्धिबळात आणि यात एक महत्त्वाचा भेद आहे. बुद्धिबळात खेळाडू आळीपाळीने चाल करतात. येथे दोघेही आपली चाल एकाच वेळी, एकमेकांस न दाखवता निवडतात. समजा, आमच्यासमोर ग्याराडोस उभा आहे आणि आमच्याकडे विजेचे अस्त्र आहे. ते सोडावे हे उघड आहे. पण जे आम्हांस उघड आहे, ते प्रतिस्पर्ध्यालाही उघड आहे! तो ग्याराडोसला मागे घेऊन त्याच्या जागी भूमी प्रकारचा प्राणी उभा करील आणि आमची वीज वाया जाईल. मग हे ओळखून आम्ही वीज न सोडता दुसरे अस्त्र सोडावे काय? आणि आम्ही ओळखले आहे हेही त्याने ओळखले असेल तर? लहान मुलांच्या दगड-कागद-कात्री या खेळात हाच पेच असतो. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ साली अशा दोन पक्षांच्या खेळांविषयी एक प्रसिद्ध सिद्धान्त मांडला. एकाचा लाभ तीच दुसऱ्याची हानी असलेल्या मर्यादित खेळात दोन्ही पक्षांसाठी एक सुरक्षित धोरण असतेच; मात्र कित्येकदा ते ‘नेहमी हेच करावे’ असे नसून, निरनिराळ्या चाली ठरावीक प्रमाणात मिसळाव्या, असे असते. गणिताच्या एका शाखेचा उगम अशा खेळांच्या विचारात आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

संभाव्यतेचा विचारही येथे पदोपदी करावा लागतो. जल प्रकारात ‘सर्फ’ हे अस्त्र ९० शक्तीचे आहे आणि त्याचा नेम सहसा चुकत नाही. ‘हायड्रो पंप’ची शक्ती ११० आहे, परंतु त्याचा नेम शंभरात ८० वेळाच लागतो. कोणते घ्यावे? ११० चे शेकडा ८० काढले तर ८८ येतात. म्हणजे सरासरीने पाहता कमी शक्तीचे ‘सर्फ’च किंचित सरस ठरते. पण सरासरी हे सर्वस्व नव्हे. समोरचा प्राणी ‘सर्फ’च्या एका घावाने पडत नसेल आणि ‘हायड्रो पंप’च्या एका घावाने पडत असेल, तर धोका पत्करणेच शहाणपणाचे ठरू शकते. मात्र तोच नेम लागोपाठ दोनदा लागण्याची शक्यता शेकडा ६४ इतकीच उरते, याचे भान ठेवावे लागते. नियम पाठ करणे ही पहिली पायरी. नियमाचे कारण जाणणे ही दुसरी. आणि कोणता नियम कोठे अपुरा पडतो हे ओळखणे ही तिसरी. अभ्यासातही असेच असते.

या खेळाच्या स्पर्धा दोन प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार कंपनीच्या वतीने होणाऱ्या अधिकृत स्पर्धांचा. व्हिडिओ गेमची अशी जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००९ सालापासून भरू लागली. तीत सहांपैकी चार प्राणी निवडून एका वेळी दोन विरुद्ध दोन अशी लढत होते. २०१४ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे झालेल्या स्पर्धेत दक्षिण कोरियाचे से जुन पार्क यांनी आपल्या संघात पाचिरिसू नावाची एक इवलीशी खार घेतली. बलवान प्राण्यांच्या मांदियाळीत तिला कोणी गणतीत धरीत नसे. पार्क यांनी तिच्याकडून जोडीदाराच्या अंगावर येणारे घाव स्वतःकडे ओढून घेण्याचे काम करवून घेतले. ती घाव सोशी आणि तिच्या आडोशाने बलवान जोडीदार आपले काम साधी. पार्क त्या वर्षीचे जगज्जेते झाले. संघात प्रत्येकाचे मोल त्याच्या बळावरून ठरत नाही, तर त्याला नेमून दिलेल्या कामावरून ठरते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

दुसरा प्रकार खेळाडूंनी स्वतः उभारलेल्या स्पर्धांचा, आणि आमच्या लेखाचा खरा विषय तोच. २००४ साली ‘स्मोगॉन’ नावाचे एक मंडळ आंतरजालावर सुरू झाले. पोकेमॉनच्या लढतींचा शास्त्रशुद्ध अभ्यास करावा, या हेतूने खेळाडूंनीच ते चालवले आहे. २०११ साली ‘शोडाऊन’ नावाचे लढतीचे साधन निघाले. संगणकावर ते फुकट वापरता येते. मूळ खेळात प्राणी पकडून वाढवण्यात पुष्कळ काळ जातो. येथे काही मिनिटांत संघ मांडून लढत सुरू करता येते. महागडे यंत्र विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मुलालाही या साधनाने बरोबरीच्या नात्याने पटावर बसवले. या मंडळाच्या स्पर्धांत जिंकणाऱ्यास रोख बक्षीस नसते. नावापुढे चषकाचे एक छोटेसे चिन्ह लागते, एवढाच काय तो मान. संयोजकांना आणि पंचांनाही वेतन नसते. असे असूनही या स्पर्धा वर्षानुवर्षे अखंड चालू आहेत.

अशी स्पर्धा चालवणे हे केवळ उत्साहाचे काम नव्हे. त्यास हिशेब लागतो. बाद पद्धतीची स्पर्धा घेऊ. स्पर्धक ६४ असतील तर पहिल्या फेरीनंतर ३२ उरतात, मग १६, ८, ४, २ आणि अखेर एक. म्हणजे सहा फेऱ्या. एकंदर सामने किती? फेऱ्यांची बेरीज करीत बसण्याचे कारण नाही. प्रत्येक सामन्यात एकच खेळाडू बाद होतो आणि विजेत्याखेरीज सर्वांना बाद व्हावयाचे असते, म्हणून सामने ६३! आता नावे ३७ च आली तर? ३७ च्या पुढची दोनाच्या पटीतील घातसंख्या ६४. तेव्हा ६४ उणे ३७, म्हणजे २७ जणांना पहिल्या फेरीत पुढे चाल द्यावी लागते आणि उरलेल्या दहा जणांचे पाच सामने होतात. २७ आणि ५ मिळून दुसऱ्या फेरीत बरोबर ३२ खेळाडू येतात. साखळी पद्धतीने ६४ जणांनी प्रत्येकाशी खेळावयाचे म्हटले, तर २०१६ सामने होतील. यासाठी मधला मार्ग म्हणून ‘स्विस पद्धत’ वापरतात. तीत कोणी बाद होत नाही. प्रत्येक फेरीत सारख्या गुणांच्या खेळाडूंची गाठ घालतात. ही पद्धत प्रथम १८९५ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे बुद्धिबळाच्या स्पर्धेत वापरली गेली, म्हणून तिला ते नाव पडले.

हे झाले कागदावरचे. परंतु ऑनलाइन स्पर्धेतील खेळाडू एका गावात नसतात, एका खंडातही नसतात. समजा, एक खेळाडू भारतात आहे आणि दुसरा ब्राझीलच्या साओ पाउलो शहरात. येथे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तेथे दुपारचे साडेबारा झालेले असतात. एकाची शाळा सुटते तेव्हा दुसरा झोपेत असतो. म्हणून भाग्यपत्रिका जाहीर झाल्यावर प्रत्येक फेरीला बहुधा आठवड्याभराची मुदत देतात आणि वेळ ठरवण्याचे काम दोघा खेळाडूंवरच सोपवतात. मुदतीत सामना झाला नाही, तर संयोजक दोघांनी एकमेकांस धाडलेले निरोप वाचून पाहतो. कोणी आपण होऊन वेळ सुचवली, कोणी उत्तर दिले नाही, कोणी ठरल्या वेळी आला नाही, हे पाहून तो निर्णय देतो. येथे कौशल्याआधी शब्दाची परीक्षा होते. ज्याने वेळेवर निरोप धाडला नाही, त्याचा सहा प्राण्यांचा उत्तम संघ लढण्यापूर्वीच हरतो.

आता नियमांकडे वळू. एका घावात समोरच्याला गारद करणारी काही अस्त्रे मूळ खेळात आहेत. बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्यावर त्यांचा नेम शंभरात तीस वेळा लागतो. ती चालू दिली, तर विचारपूर्वक खेळणारा केवळ दैवामुळे हरेल. म्हणून या स्पर्धांत त्यांस मनाई केली गेली. समोरच्या प्राण्यांना झोपवण्याची अस्त्रेही आहेत. सर्वच प्राणी झोपले तर सामना कसला? म्हणून प्रतिपक्षाचा एका वेळी एकच प्राणी झोपवावा, असा नियम खेळाच्या अनेक पिढ्यांत चालत आला. लक्षात घ्या, हे नियम कंपनीने घातलेले नाहीत. मूळ यंत्र असे अस्त्र वापरू देते. ते वापरू नये असे खेळाडूंनीच ठरवले. गल्लीतील कुंपणाच्या नियमाचेच हे मोठे भावंड होय.

एखादा प्राणी इतका प्रबळ ठरला की त्याच्यावाचून कोणाचे पान हलेना, तर काय करावे? येथे या मंडळाची रीत अभ्यासण्यासारखी आहे. प्रथम तो प्राणी संशयित म्हणून जाहीर होतो. ज्यांस मत द्यावयाचे असेल, त्यांनी ठरावीक मुदतीत पुरेसे सामने खेळून ठरावीक गुणांकन मिळवावयाचे असते. ज्याने त्या प्राण्याचा अनुभव घेतला नाही, त्यास मत नाही. मग चर्चा होते आणि मतदान होते. बंदी घालण्यास निम्म्याहून एक मत अधिक असून भागत नाही. साधारणपणे शेकडा ६० मते लागतात. नागरिकशास्त्रात तुम्ही शिकला असाल की आपल्या संविधानाच्या ३६८ व्या अनुच्छेदानुसार घटनादुरुस्तीला संसदेच्या प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचे बहुमत तर लागतेच, शिवाय उपस्थित राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांचा पाठिंबाही लागतो. दोन्हींमागील विवेक एकच. चालू व्यवस्था बदलणाऱ्याने बदलाची गरज भक्कमपणे पटवून द्यावी. आजच्या लहरीने उद्याचा नियम पालटू नये.

प्राण्यांचे वर्गही असेच मोजमाप करून लावतात. जो प्राणी वरच्या वर्गातील संघांपैकी निदान शेकडा ४.५२ संघांत आढळतो, तो त्या वर्गात राहतो. त्याहून कमी वापरला जाणारा खालच्या वर्गात उतरतो, म्हणजे दुबळ्यांना दुबळ्यांशी लढण्याची संधी मिळते. हा विचित्र आकडा कोठून आला? एका सामन्यात असा प्राणी न भेटण्याची शक्यता ०.९५४८. ही संख्या पंधरा वेळा स्वतःशी गुणली तर गुणाकार जवळजवळ अर्धा येतो. अर्थात पंधरा सामन्यांत तो प्राणी एकदा तरी भेटण्याची शक्यता निम्मी! ‘नेहमी भेटणारा’ या ढिल्या शब्दाला खेळाडूंनी गणिताने काटेकोर अर्थ दिला. वाद मिटवण्याचा हा मार्ग किती सोज्ज्वळ आहे पाहा. आवाज चढवण्याऐवजी त्यांनी मोजणी केली.

येथवर पाहिलेल्या बहुतेक नियमांचे पालन यंत्र करवू शकते. मना केलेले अस्त्र शोडाऊन स्वीकारीतच नाही, आणि सामन्याची संपूर्ण नोंद जपून ठेवता येते. परंतु एक नियम असा आहे की, त्यापुढे यंत्र हतबल होते. सामना चालू असताना खेळाडूने दुसऱ्या कोणाचा सल्ला घेऊ नये, हा तो नियम. खेळाडू आपल्या घरी, आपल्या खोलीत बसलेला असतो. त्याच्या खांद्यामागे कोण उभे आहे, हे हजारो मैलांवरच्या प्रतिस्पर्ध्याला दिसत नाही. पंचालाही दिसत नाही. फसवणूक उघडकीस आली तर शिक्षा होते. पण ती उघडकीस न येण्याचाच संभव अधिक. मग हा नियम पाळतो कोण? तो पाळणाराच पाळतो. सर्वांनी तो मोडला, तर स्पर्धा वरून तशीच दिसेल. भाग्यपत्रिका निघेल, फेऱ्या होतील, विजेताही ठरेल. परंतु त्या विजयाला अर्थ उरणार नाही, आणि ज्यात बक्षीस नाही अशा खेळात अर्थ गेला की काहीच उरत नाही. विनावेतन राबणारा संयोजक, अनोळखी प्रतिस्पर्धी आणि खोलीत एकटा असलेला खेळाडू या तिघांच्या विश्वासावरच हा सारा डोलारा उभा आहे. नियमांचे राज्य पहारेकऱ्यावर चालत नाही, ते पहारेकरी नसतानाच्या वर्तनावर चालते. परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक पाठमोरे होतात, तो क्षण याच जातीचा असतो.

पालकवर्गाच्या मनात येथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. या गुणगानामुळे मुलांनी दिवसभर पडद्यापुढे बसावे काय? मुळीच नव्हे. ज्या खेळात मुदत पाळणे हाच पहिला नियम, त्या खेळासाठी अभ्यासाची, जेवणाची आणि झोपेची मुदत मोडणे हा विरोधाभास होय. रात्री जागून ब्राझीलच्या खेळाडूची वेळ साधण्यापेक्षा रविवारची दुपार सुचवावी. तो अधिकार नियमच देतो. तसेच अनोळखी मंडळींशी खेळताना आपले खरे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र देण्याचे काहीही कारण नाही. कोणी ते मागू लागला, तर खेळ थांबवून घरातील वडीलधाऱ्यांस सांगावे. पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलाच्या हातातील यंत्र काढून घेण्यापूर्वी, ‘तू आज कोणता नियम शिकलास?’ एवढे त्यास एकदा विचारून पाहावे. उत्तर मिळाले नाही, तर यंत्र अवश्य काढून घ्यावे. उत्तर मिळाले, तर शेजारी बसून ऐकावे.

हा धडा गिरवण्यासाठी पोकेमॉनच हवा असेही नाही. कॅरम, बुद्धिबळ, लगोरी, काहीही चालेल. वर्गातील मुलामुलींनी आपली स्पर्धा आपणच भरवावी. भाग्यपत्रिका आपण काढावी. नियम चर्चेने ठरवून फळ्यावर लिहावे. आणि हरणाऱ्याने आपला पराभव स्वतःच्या हाताने तक्त्यात नोंदवावा. ही शेवटची गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. परंतु ज्या वर्गात ती सहज होऊ लागेल, त्या वर्गाला पंचाची गरज क्वचितच भासेल.

स्वाध्याय

१. बाद पद्धतीच्या स्पर्धेत ४५ नावे आली आहेत. पहिल्या फेरीत कितीजणांना पुढे चाल द्याल? एकंदर सामने किती होतील?

२. ‘थंडर’ या अस्त्राची शक्ती ११० असून नेम शंभरात ७० वेळा लागतो. ‘थंडरबोल्ट’ची शक्ती ९० असून नेम शंभरात शंभर वेळा लागतो. सरासरीने कोणते सरस? तरीही दुसरे केव्हा निवडाल?

३. ‘हायड्रो पंप’चा नेम लागोपाठ तीनदा लागण्याची शक्यता काढा.

४. आपल्या वर्गाच्या कॅरम स्पर्धेसाठी पाच नियम लिहा आणि प्रत्येकापुढे त्याचे कारण द्या. त्यांपैकी कोणता नियम पंचाला पाहता येणार नाही, त्याखाली रेघ ओढा. तो कसा पाळला जाईल, हे चार ओळींत लिहा.